केसरबाई आणि तीन मिनिटांची तबकडी

गाण्याची तबकडी ही वस्तू केसरबाई केरकरांना मनापासून कधी आवडली असेल, असे वाटत नाही. आपले गाणे कोणीही, कुठेही, कसेही ऐकावे ही कल्पनाच त्यांना मानवणारी नव्हती. ध्वनिक्षेपकावर त्यांचा विश्वास नव्हता, चोरून ध्वनिमुद्रण करणाऱ्यांवर तर मुळीच नव्हता. आणि नेमके त्यांच्याच गळ्यातले साडेतीन मिनिटांचे गाणे १९७७ साली सोन्याचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या तबकडीवर चढले आणि अवकाशयानातून सूर्यमालेच्या बाहेर गेले. या योगायोगावर पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहायचे आहे ते थोडे निराळे. केसरबाईंचा तबकडीवरचा राग कशासाठी होता, आणि तो असतानाही त्या तीन मिनिटांत त्यांनी काय करून ठेवले, एवढाच माझा विषय आहे.

हा विषय मला सुचला तो मात्र फ्रेंचच्या तासाला. दुसरी भाषा म्हणून मी फ्रेंच घेतले आहे. व्हर्लेनची कविता शिकवताना मॅडमनी देब्युसीने त्याच कवितेला दिलेली चाल आम्हांला ऐकवली. गाणारी मॅगी टेट, पियानोवर आल्फ्रेड कॉर्तो. १९३६ साली लंडनमध्ये या दोघांनी देब्युसीची चौदा गाणी ध्वनिमुद्रित केली. फ्रेंचमध्ये या प्रकाराला मेलोदी म्हणतात. कविता चांगल्या कवीची, चाल नामवंत संगीतकाराची, गायला एक गळा आणि साथीला एक पियानो. ही साथ आपल्या पेटीसारखी गळ्याच्या मागोमाग जात नाही. पियानोला त्यात स्वतःचे म्हणणे असते. कधी गळा गप्प राहतो आणि कवितेचा उरलेला अर्थ पियानो सांगतो. फोरे, द्युपार्क, देब्युसी यांनी अशी गाणी लिहिली ती घरातल्या दिवाणखान्यात, पंचवीस-तीस माणसांत गाण्यासाठी. ध्वनिमुद्रणाशी या गाण्यांचे फार लवकर जमले. १९०४ मध्ये पॅरिसला खुद्द देब्युसी पियानोवर बसला आणि मेरी गार्डनने त्याची गाणी कर्ण्यापुढे गायिली. त्या तबकड्यांत पियानो दुरून, भिंतीपलीकडून आल्यासारखा वाजतो. पण गाणे पूर्ण आहे. सुरुवातीपासून शेवटपर्यंत, एकही ओळ न गाळता.

मला अडले ते इथे. गाणे पूर्ण असण्याचे कारण साधे आहे. संगीतकाराने ते कागदावर लिहिलेलेच दोन-तीन मिनिटांचे. दहा इंची तबकडीची एक बाजू मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या वेगाने फिरते आणि तीन-सव्वातीन मिनिटांत संपते. म्हणजे ते गाणे आणि ती तबकडी जणू एकमेकांच्या मापाने बेतलेली. मॅगी टेटला काही सोडावे लागले नाही. आमच्या ख्यालाचे काय? ख्यालाला माप कुठे असते? केसरबाईंच्या तबकड्या साधारण त्याच काळातल्या, आणि त्यांतल्या कित्येकांवर टेट-कॉर्तोच्या तबकड्यांवर असते तेच कुत्र्याचे चित्र. मैफलीत एकेक राग तासभर आळवणाऱ्या बाईंना त्याच सव्वातीन मिनिटांत बसवले गेले.

आता आधी चरित्र सांगते.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ रोजी गोव्यात, फोंडे महालातल्या केरी या गावी झाला. घराणे कलावंतांचे. देवळातली सेवा आणि गाणे-बजावणे हा ज्या समाजाचा परंपरेने आलेला व्यवसाय, त्या समाजाने महाराष्ट्राला आणि देशाला किती गळे दिले याचा हिशेब अजून कोणी नीट मांडलेला नाही. त्या समाजातल्या बाईला गाणे शिकायला कोणाची आडकाठी नव्हती; पण त्या गाण्यामुळे मान मिळेल याची शाश्वतीही नव्हती. हे लक्षात ठेवले म्हणजे पुढच्या आयुष्यात केसरबाई मानापमानाच्या बाबतीत इतक्या काटेकोर का होत्या ते कळते. लोक त्यांना तिरसट म्हणत. मला तो तिरसटपणा वाटत नाही.

आठ वर्षांच्या असताना त्या कोल्हापूरला आल्या आणि तिथे अब्दुल करीम खाँसाहेबांकडे शिकू लागल्या. ते शिक्षण जेमतेम आठ महिने चालले. गोव्याला परतल्यावर रामकृष्णबुवा वझे तिकडे येत, तेव्हा त्यांच्याकडून तालीम मिळे. सोळाव्या वर्षी आई आणि मामांबरोबर त्या मुंबईला आल्या. तिथे बरकतुल्ला खाँ या सितारियांकडे शिकणे सुरू झाले; पण खाँसाहेब मुंबईत असत तेव्हाच. पुढे ते म्हैसूर दरबारी गेले आणि हेही शिक्षण सुटले. मग काही काळ भास्करबुवा बखले, पुन्हा वझेबुवा. गुरू सगळे थोर, पण सलग कोणीच नाही! एखाद्या विद्यार्थिनीने पाच कॉलेजे बदलावीत आणि पदवी कुठलीच हाती नसावी, तशी ही स्थिती. वीस वर्षे शिकूनही आपले गाणे एका धाग्याने विणलेले नाही, हे ज्या बाईला कळत होते तिला किती वाईट वाटले असेल!

१९२१ मध्ये त्या अल्लादिया खाँसाहेबांच्या शागीर्द झाल्या. वय एकोणतिसाव्या वर्षाकडे झुकलेले. या वयात पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची म्हणजे आधीचे सारे बाजूला ठेवायचे.

अल्लादिया खाँसाहेबांविषयी थोडे सांगायला हवे, कारण तबकडीचा प्रश्न त्यांच्याशीच येऊन भिडतो. खाँसाहेब जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक, कोल्हापूरला शाहू महाराजांच्या दरबारचे गायक. तरुणपणी एका संस्थानिकापुढे दिवसच्या दिवस अतोनात गावे लागल्यामुळे त्यांचा आवाज बसला तो पूर्वीसारखा पुन्हा कधी लागला नाही. दुसरा असता तर गाणे सोडून बसला असता. खाँसाहेबांनी त्या बदललेल्या आवाजाला पेलेल अशी नवी गायकी रचली. मोकळा आकार, लयीशी एकेका मात्रेचे नाते, वळणावळणाची, कुठे संपेल याचा अंदाज न देणारी तान, आणि दोन-दोन तीन-तीन रागांचे मिश्रण असलेले अनवट राग. या माणसाने आपल्या आवाजाची एकही तबकडी होऊ दिली नाही. नव्वदीपर्यंत आयुष्य लाभले, ग्रामोफोनचा सारा भरभराटीचा काळ डोळ्यांपुढून गेला, पण खाँसाहेबांचा आवाज आज जगात कुठेही नाही. भास्करबुवा बखल्यांचाही नाही.

हे वाचले तेव्हा मी बराच वेळ विचार करीत बसले. म्हणजे केसरबाईंच्या गुरूंपैकी दोघे सर्वांत थोर, आणि ते दोघेही आपल्याला ऐकता येत नाहीत. अल्लादिया खाँसाहेबांची गायकी कशी होती हे जाणायचे तर ती त्यांच्या शिष्यांच्या गळ्यातून शोधावी लागते. केसरबाई आणि मोगूबाई कुर्डीकर, दोघीही गोव्याच्या, दोघीही खाँसाहेबांच्या शिष्या, आणि दोघींच्या गाण्याचा पोत वेगळा. तबकडी नको म्हणणाऱ्या गुरूचा पत्ता शिष्यिणींच्या तबकड्यांवर सापडतो!

खाँसाहेबांकडे केसरबाईंनी अकरा वर्षे कसून तालीम घेतली, आणि १९४६ मध्ये खाँसाहेब गेले तोवर शिकणे बंद झाले नाही. १९३० च्या सुमारास त्या व्यावसायिक गायिका म्हणून उभ्या राहिल्या, म्हणजे वयाच्या अडतिसाव्या वर्षी. ज्या वयात आज गायकांच्या कारकिर्दीचे रौप्यमहोत्सव होतात त्या वयात यांची सुरुवात! मग मात्र त्यांनी मागे वळून पाहिले नाही. संस्थानांचे दरबार, मुंबई-कलकत्त्याच्या परिषदा, रसिक धनिकांच्या खाजगी बैठका. रवींद्रनाथ टागोरांना त्यांचे गाणे फार आवडे. कलकत्त्याच्या एका संगीतप्रेमी संस्थेने त्यांना 'सूरश्री' ही पदवी दिली आणि पुढे ती त्यांच्या नावाचाच भाग झाली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला. १९६९ मध्ये पद्मभूषण, आणि त्याच साली महाराष्ट्र शासनाने त्यांना राज्यगायिका केले.

या मैफलींत त्यांच्या अटी असत. मानधन ठरलेले, आणि ते भरपूर. श्रोत्यांनी गाणे चालू असताना बोलायचे नाही. आपल्या घराण्याची विद्या उचलायला कोणी बसले आहे असा नुसता संशय आला तरी त्या सावध होत. दरबारातल्या पुरुष गवयांना अशा अटी शोभून दिसत. त्याच एका कलावंतिणीच्या मुलीने घातल्या म्हणजे बोलणे होई. तबकडीच्या बाबतीत हे सगळे उलटे होते. तिथे अट कंपनीची. दिवा लागला की सुरू करायचे, खूण झाली की थांबायचे. ऐकणारा कोण, त्याला गाण्याची जाण आहे की तो चहाच्या दुकानात बसून गप्पा मारीत आहे, हे गाणाऱ्याला कळायचा मार्ग नाही. पहिल्या तबकड्या काढून घ्यायला जुने उस्ताद नाखूष असत. १९०२ साली ग्रामोफोन कंपनीची माणसे कलकत्त्याला आली तेव्हा गौहरजानसारख्या गायिका पुढे आल्या, आणि गाणे संपताच स्वतःचे नाव उच्चारून मोकळ्या झाल्या. कंपनीला तबकडी कोणाची ते ओळखता यावे म्हणून हा प्रघात होता म्हणे. मला मात्र त्यात निराळेच काही ऐकू येते. गाणे हातातून निसटून जाण्यापूर्वी त्यावर स्वतःच्या नावाची खूण करून ठेवावी, तसे.

तरीही केसरबाईंनी तबकड्या दिल्या. 'हिज मास्टर्स व्हॉईस' आणि 'ब्रॉडकास्ट' या दोन कंपन्यांसाठी त्या गायिल्या. ललत, गौडमल्हार, नटकामोद, ललितागौरी, भैरवी असे राग त्यांत आहेत.

आता या तबकड्या मी कशा ऐकल्या तेही सांगते, कारण ऐकण्याच्या जागेचाही परिणाम होतो. मी महाप्याला राहते. गाव जुने, पण भोवती औद्योगिक वसाहत, एका बाजूला ठाणे-बेलापूर रस्ता आणि दुसऱ्या बाजूला शिळफाट्याकडे जाणारी अवजड वाहने. आमच्या घरात भजनाची पेटी आहे, मृदंग आहे; ग्रामोफोन कधी नव्हता. केसरबाई मला भेटल्या त्या मोबाईलमध्ये, बसमध्ये, कानांत बोंडे घालून. ललताची तबकडी पहिल्यांदा ऐकली तेव्हा शेजारून ट्रक जात होते. जुन्या तबकडीची खरखर आणि बाहेरची घरघर यांतून तो आवाज एकदम वर आला. कुठेही कापरा नाही, कुठेही लाडिक नाही. अशा आवाजाला ध्वनिक्षेपक कशाला लागेल?

आणि मग मी मोजू लागले. मैफलीत विलंबित ख्यालाला सुरुवात करण्यापूर्वी जेवढा वेळ नुसता सूर लावण्यात जातो, तेवढ्यात इथे गाणे संपायला हवे. केसरबाईंनी काय गाळले? विलंबित जवळजवळ सारेच. लांबलचक आलापी गाळली. बंदिश मध्यलयीत धरली आणि तडक रागाच्या गाभ्यात पाऊल टाकले. पण एक गोष्ट त्यांनी गाळली नाही, ती म्हणजे श्वासाची लांबी. तान सुरू होते ती आता सम येईल असे वाटते तिथून पुढे जाते, वळते, पुन्हा चढते आणि मग सहज म्हणून समेवर येते. तबकडी संपत आली आहे, आता उरका, अशी घाई त्या तानेत कुठेच ऐकू येत नाही. साथीला तबला आणि सारंगी. मेलोदीतल्या पियानोसारखे स्वतःचे म्हणणे सारंगीने मांडलेले नाही. ती गळ्याच्या सावलीने चालते. सारा भार एका आवाजावर.

कोणी म्हणेल, ही तर ख्यालाची चटणी झाली, जेवण नव्हे. असे म्हणणारे जाणकार पूर्वीही होते, आजही आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. केसरबाईंच्या खाजगी मैफलींची काही दीर्घ ध्वनिमुद्रणे रसिकांच्या संग्रहात राहिली. ती ऐकली की तबकडीत काय आले नाही ते स्पष्ट कळते. रागाचा तो संथ उलगडा, एका स्वरावरून पुढच्या स्वरावर जाण्यापूर्वीची ती वाट पाहायला लावणारी शांतता, हे सव्वातीन मिनिटांत बसत नाही. बसवू म्हटले तर ढोंग होते. केसरबाईंनी ते ढोंग केले नाही एवढेच मला म्हणायचे आहे. मोठ्या चित्राचे लहान छायाचित्र त्यांनी काढले नाही. तीन मिनिटांत जे खरोखर होऊ शकते तेवढेच निवडले आणि ते पूर्ण केले. मॅगी टेटला जे संगीतकाराने आयते लिहून दिले होते, ते माप केसरबाईंना जागच्या जागी स्वतः बेतावे लागले. तबकडीवर ज्यांचा राग आहे त्यांनीच ती इतकी विचाराने वापरावी, हे मला विलक्षण वाटते.

तबकडी दूरवर जाते आणि कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो, ही त्यांची भीती खरीच होती. १९१२ च्या सुमारास मोरीस दलाज नावाचा तरुण फ्रेंच संगीतकार, राव्हेलचा विद्यार्थी, हिंदुस्थानात फिरून गेला. कोइमतूरच्या थायी या गायिकेची तबकडी त्याला इतकी आवडली की तिच्यावरून त्याने पियानोसाठी 'रागमालिका' नावाची रचना केली. त्याच प्रवासातून त्याची चार 'हिंदू' गीते निघाली. जानेवारी १९१४ मध्ये पॅरिसला ती गायिली गेली तेव्हा एका गीतात फ्रेंच गायिकेला तोंड मिटून, हिंदुस्थानी गळ्याच्या वळणाने गाताना लोकांनी ऐकले. कोइमतूरच्या बाईंना याचा पत्ताही नसेल. फ्रेंच गाणे आमच्या तबकडीकडून काही शिकले, हे आम्हांला फ्रेंचच्या अभ्यासक्रमात कोणी शिकवत नाही. असो.

१९६० नंतरच्या चार-पाच वर्षांत केसरबाईंनी जाहीर गाणे थांबवले. आवाज गेला म्हणून नव्हे; जाण्यापूर्वी थांबायचे म्हणून. शिष्या त्यांनी फारशा केल्या नाहीत. उतारवयात धोंडूताई कुलकर्णी यांना मात्र त्यांनी शिकवले, आणि धोंडूताईंनी २०१४ मध्ये त्यांचे निधन होईपर्यंत ती विद्या जपली. धोंडूताईंच्याच एका शिष्येने, नमिता देवीदयाल यांनी, २००७ मध्ये या परंपरेवर इंग्रजीत लिहिलेले पुस्तक आमच्या पिढीतल्या पुष्कळांना केसरबाईंपर्यंत घेऊन आले. केरीला आज त्यांच्या नावाची शाळा आहे. ज्या जागी त्यांचे दुसरे घर होते तिथेच ती उभी आहे.

राहता राहिली ती अवकाशातली तबकडी. अमेरिकेची 'व्हॉयेजर' याने निघायची होती आणि त्यांच्याबरोबर पृथ्वीची ओळख म्हणून एक ध्वनिमुद्रिका पाठवायचे ठरले. भारताचे संगीत कोणते घ्यावे असे विचारल्यावर रॉबर्ट ब्राऊन या संगीत-अभ्यासकाने केसरबाईंची भैरवी सुचवली. पण ती तबकडी कधीच बाजारातून गेलेली. शोधाशोध झाली, आणि शेवटी न्यूयॉर्कमध्ये एका भारतीय कुटुंबाच्या दुकानात तिच्या प्रती सापडल्या. दुसरे यान आधी, २० ऑगस्ट १९७७ ला सुटले. पहिले ५ सप्टेंबरला. त्यानंतर अकरा दिवसांनी, १६ सप्टेंबर १९७७ रोजी, केसरबाई वारल्या. पहिले यान २०१२ मध्ये सूर्याच्या प्रभावक्षेत्राबाहेर पडले आणि आता पृथ्वीपासून २४ अब्ज किलोमीटरांहून अधिक दूर आहे.

त्या ध्वनिमुद्रिकेची यादी मी बारकाईने पाहिली. संगीताचे एकूण सत्तावीस तुकडे. बाख आहे, बीथोव्हेन आहे, मोझार्ट आहे, जावाचे गामेलान आहे, अमेरिकेतला रॉक अँड रोल आहे. देब्युसी नाही, एकही फ्रेंच मेलोदी नाही. पंचावन्न भाषांत अभिवादने आहेत आणि त्यांत मराठीही आहे. केसरबाईंची भैरवी पंचविसावी येते. तिच्यानंतर अमेरिकेतल्या ब्लाइंड विली जॉन्सन या गायकाचे शब्दांवाचून गुणगुणणे, आणि अगदी शेवटी बीथोव्हेनच्या चतुष्टयातला एक भाग.

यादी करणाऱ्यांनी मनापासून केली आहे, यात शंका नाही. पण आपल्याकडे भैरवी झाली की मैफल संपते, तिच्यानंतर दुसरे कोणी गात नाही, एवढे त्यांना सांगणारे कोणी भेटले नसावे. आपल्या भैरवीनंतर आणखी दोघांना बसवले आहे हे केसरबाईंना कळते, तर त्या यानाचे काही खरे नव्हते.